पदवी झाली, आता नोकरी: पहिल्यांदाच शोधणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

शिक्षणाची पंधरा-सोळा वर्षं आपल्याला एक सवय लावतात. अभ्यासक्रम कुणीतरी ठरवतं, परीक्षेची तारीख कुणीतरी जाहीर करतं आणि शेवटी निकाल लागतो. चांगला लागो वा वाईट, पण लागतो. नोकरीच्या बाजारात बहुतेक वेळा निकालच लागत नाही. अर्ज जातो आणि पुढे काहीच होत नाही. ‘तुमची निवड झाली नाही’ एवढं कळवण्याची तसदीही कुणी घेत नाही. नव्या पदवीधरांना या काळात जो मनस्ताप होतो त्यातला निम्मा या गप्पपणाचा असतो, असं माझं मत आहे. स्पर्धा, मंदी, कमी पडणारी कौशल्यं हे सगळं उरलेल्या निम्म्यात.

अर्ज वाचणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं बसते आहे, त्यामुळे तो गप्पपणा तिकडून कसा तयार होतो हे ठाऊक आहे. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. पायऱ्या काटेकोरपणे याच क्रमाने चढायला हव्यात असं नाही. पहिली मात्र पहिलीच घ्या, कारण ती टाळली की बाकीच्या महिनाभरसुद्धा टिकत नाहीत.

पायरी १: दिवसाला वेळापत्रक द्या

ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या वसाहतीचा सगळा संसार एका कापडगिरणीवर चालत असे. ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल यांनी तिथे जाऊन लोकांचं रोजचं जगणं टिपलं. त्यांचा अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. लोकांकडे वेळ भरपूर होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. रस्त्यावरून जाणाऱ्या पुरुषांची चाल मंदावली. दिवसभर काय केलं, हे विचारल्यावर अनेकांना धड सांगता येईना.

याहोडा यांनी पुढे यातून मांडलं की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते: दिवसाची आखणी, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, सगळ्यांनी मिळून करायचं काहीतरी, समाजातली ओळख आणि नियमितपणे कामात गुंतून राहणं. आता हीच यादी विद्यापीठाला लावून पाहा. पाचही गोष्टी तिथे मिळत होत्या, आणि शेवटचा पेपर संपल्यावर आठवडाभरात पाचही जातात. त्यामुळे परीक्षेनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येणारी मरगळ म्हणजे आळस, असा आरोप स्वतःवर करू नका. घरच्यांनी केला तर हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या.

उपाय साधा आहे, पण तो लेखी असायला हवा. नोकरी शोधायला रोज तीन ते चार तास, ठरलेल्या वेळी, शक्यतो सकाळी. आठ तास नको. आठ तास स्क्रीनसमोर बसलेला माणूस प्रत्यक्षात तीन तास काम करतो आणि पाच तास दुसऱ्यांच्या नोकरी लागल्याच्या पोस्ट बघत कुढतो. दुपारी काहीतरी शिकणं किंवा बनवणं. दिवसातून एकदा घराबाहेर पडून माणसांत मिसळणं. मग ते खेळ असो, शिकवणी घेणं असो की एखाद्या संस्थेत हातभार लावणं. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि त्या दिवशी ईमेल उघडायची नाही.

पायरी २: ‘कुठलीही चालेल’ हे वाक्य टाका

‘मला कुठलीही नोकरी चालेल’ हे ऐकायला नम्र वाटतं. समोरच्याला मात्र त्याचं काहीच करता येत नाही. कुठलीही म्हणजे नेमकी कुठली जागा तुमच्यासाठी लक्षात ठेवायची? याच्या उलट टोकाला एकाच स्वप्नातल्या कंपनीची वाट पाहत बसलेले असतात. दोन्ही टोकं सोडा आणि दोन, फार तर तीन प्रकारची कामं निवडा. काम निवडा, कंपनी नंतर बघू.

निवडायचं कसं? त्या कामाच्या तीसेक जाहिराती गोळा करा आणि हातात पेन घेऊन वाचा. कुठली कौशल्यं पुन्हापुन्हा येतात, कुठली एखाद्याच जाहिरातीत आहेत, याचा तक्ता करा. वीसेक ठिकाणी दिसतं ते शिकायलाच हवं. एका-दोन ठिकाणी दिसतं ते सोडून द्या. हे काम एका दुपारचं आहे, पण ते न करताच महागडे कोर्स लावणारे शेकड्याने भेटतात.

इथेच पदवीचं खरं काम काय, हे समजून घेऊ. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली एक मांडणी केली, आणि २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते. मांडणी थोडक्यात अशी: नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत आतून दिसत नाही, म्हणून तो बाहेरच्या खुणांवरून अंदाज बांधतो. शिक्षण ही अशी एक खूण. ज्याला झेपतं तोच ती मिळवतो, म्हणून तिला किंमत. आता तुमच्यासोबत तीच पदवी घेतलेले हजारो जण बाजारात असतील तर तिच्यावरून तुमच्यात आणि त्यांच्यात फरक कसा करणार? पदवी तुम्हाला रांगेत उभं करते. रांगेतला क्रम दुसऱ्या कशावरून तरी ठरतो.

ते ‘दुसरं काहीतरी’ म्हणजे दाखवता येईल असं काम. डेटाचं काम हवं असेल तर कुठल्याही सार्वजनिक आकडेवारीवर केलेलं छोटं विश्लेषण. लेखनाचं हवं असेल तर पाच लेख. हिशेबाचं हवं असेल तर एखाद्या छोट्या संस्थेची पुस्तकं वर्षभर लिहिल्याचा अनुभव. फार मोठं नको, पण पुरं झालेलं हवं. अर्धवट सोडलेल्या तीन महत्त्वाकांक्षी प्रकल्पांपेक्षा पूर्ण केलेला एक साधा प्रकल्प मुलाखतीत जास्त बोलतो.

आणि ‘दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ या ओळीचं काय? ती ओळ बऱ्याचदा जुन्या जाहिरातीतून जशीच्या तशी उचललेली असते. बाकीच्या बहुतेक अटी पुऱ्या होत असतील तर अर्ज करा. परवाना किंवा नोंदणी लागणारे व्यवसाय सोडले, तर ती अट म्हणजे इच्छा असते. हां, दहा वर्षं मागितली असतील तर मात्र तुमचा आणि त्यांचा वेळ वाचवा.

पायरी ३: रेझ्युमे

याबद्दल इंटरनेटवर गरजेपेक्षा जास्त लिहिलं गेलंय, म्हणून मोजकंच सांगते. नव्या पदवीधराला एक पान पुरतं. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअरमधून जातो आणि भरती करणारा माणूस त्यात शब्द टाकून शोध घेतो. म्हणून मांडणी साधी ठेवा: दोन रकाने, चित्रं, कौशल्य दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्या नकोत. जाहिरातीत ज्या शब्दात कौशल्य लिहिलंय, ते तुम्हाला येत असेल तर त्याच शब्दात लिहा. फाइलला स्वतःचं नाव द्या. ‘फायनल नवीन २’ नावाच्या फाइलींचा आमच्याकडे ढीग असतो.

फरक पडतो तो वाक्यांनी. ‘विभागाच्या परिषदेचं व्यवस्थापन केलं’ हे वाचून मला काहीच कळत नाही. ‘विभागाच्या परिषदेत ४०० जणांची नोंदणी सांभाळली, वहीतली नोंदणी ऑनलाइन तक्त्यावर आणल्यामुळे दारावरची रांग गेली’ हे वाचलं की माणूस दिसतो. काय अडचण होती, तुम्ही काय केलंत, त्याने काय बदललं. प्रत्येक ओळ या तिन्हींवर घासून पाहा. ‘मेहनती’, ‘जिद्दी’, ‘संघभावना असलेला’ ही विशेषणं गाळा. आळशी असल्याचं अजून कुणी लिहिलेलं नाही.

पायरी ४: ओळखी, म्हणजे वशिला नव्हे

हा भाग सगळ्यात जास्त टाळला जातो, आणि टाळणारे बहुधा स्वाभिमानी असतात. ‘मला कुणाच्या ओळखीने नोकरी नको.’ बरोबर आहे, पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. वशिला म्हणजे लायकी नसताना कुणीतरी जागा मिळवून देणं. माहिती म्हणजे जागा आहे, अमुक विभागात आहे, त्यांना खरं तर अमक्या कामाचा माणूस हवाय, हे वेळेत कळणं. पहिली गोष्ट मागू नका. दुसरीशिवाय शोध आंधळा राहतो.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी अमेरिकेतल्या न्यूटन या गावातल्या व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय नोकऱ्या करणाऱ्यांना विचारलं की सध्याची नोकरी कशी मिळाली. निम्म्याहून अधिक लोकांना ती ओळखीतून कळली होती. पण गंमत पुढे आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १७ टक्क्यांच्या आसपास लोक त्या ओळखीच्या माणसाला तेव्हा वारंवार भेटत होते. बाकीच्यांच्या बाबतीत तो माणूस अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारा होता: जुना सहकारी, कॉलेजातला कुणीतरी. १९७३ साली त्यांनी याचं कारण मांडलं. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतं, कारण तुम्ही सगळे एकाच वर्तुळात फिरता. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातल्या, जेमतेम ओळख असलेल्या माणसाकडून.

हे खरोखरच असं घडतं का, की नुसता योगायोग, याची मोठी चाचणी बऱ्याच उशिरा झाली. लिंक्डइनवरच्या २ कोटींहून अधिक लोकांना वर्षानुवर्षं दाखवल्या गेलेल्या ‘या व्यक्तीला तुम्ही ओळखत असाल’ या सूचनांमध्ये फेरफार करून संशोधकांनी परिणाम पाहिले. ते २०२२ साली ‘सायन्स’मध्ये छापून आले. विरळ ओळखींमधून नोकऱ्या बदलण्याचं प्रमाण खरोखर जास्त निघालं. मात्र अगदीच अनोळखी, एकही सामाईक दुवा नसलेली माणसं तितकी उपयोगी पडली नाहीत. मधल्या पट्ट्यातली माणसं कामाची ठरली.

तुमच्यासाठी हा मधला पट्टा म्हणजे कोण? तुमच्या विभागातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले सीनियर. ते सोन्याहून मोलाचे आहेत, कारण त्यांना हा काळ अजून आठवतो आणि त्यांच्या कंपनीत नवख्यांची भरती कशी होते हे त्यांनी आतून पाहिलेलं असतं. त्यानंतर इंटर्नशिपमधले सहकारी, प्रकल्पाचे बाहेरचे परीक्षक, एखाद्या कार्यशाळेत शेजारी बसलेली व्यक्ती. घरात कुणीच नोकरदार नाही, पहिल्यांदाच आपल्या पिढीतून कुणी पदवीपर्यंत पोचलंय, अशांना हा पट्टा आयता मिळत नाही. तो बांधावा लागतो. अन्याय आहे, पण बांधता येतो एवढं नक्की.

संदेश लिहिताना ताकाला जाऊन भांडं लपवू नका. नोकरीच्या शोधात आहात हे मोकळेपणाने सांगा, पण मागणी छोटी ठेवा. नमुना असा:

‘नमस्कार. मी यंदा संख्याशास्त्रात पदवी घेतली. तुम्ही आपल्याच विभागात होतात आणि आता विम्याच्या क्षेत्रात काम करता, असं दिसलं. मी त्याच प्रकारची नोकरी शोधते आहे. पहिल्या वर्षी रोज प्रत्यक्ष काय काम पडतं, हे तुमच्याकडून समजून घ्यायला आवडेल. पुढच्या आठवड्यात फोनवर पंधरा मिनिटं मिळतील का? जमलं नाही तरी हरकत नाही.’

यात रेझ्युमे जोडलेला नाही, ‘काहीतरी बघा ना माझ्यासाठी’ नाही, आणि समोरच्याला नकार द्यायलाही जागा आहे. दहापैकी काही उत्तर देणार नाहीत. जे देतील त्यांना प्रश्न विचारा: या कामात नवखे कुठे अडखळतात? तुम्ही भरती करत असता तर काय पाहिलं असतं? आणखी कुणाशी बोलू? शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण पट्टा त्यानेच वाढतो. नंतर दोन ओळींत आभार, आणि महिन्याभराने त्यांच्या सल्ल्याचं काय केलंत ते कळवणं. हे शेवटचं फार थोडे लोक करतात, म्हणूनच ते लक्षात राहतात.

पायरी ५: नोंदवही ठेवा आणि गप्पपणा वाचायला शिका

आता त्या न लागणाऱ्या निकालाकडे येऊ. आमच्या बाजूला काय घडतं ते सांगते. जागा जाहीर होते आणि मग तिचं बजेट गोठवलं जातं. आतलाच उमेदवार आधी ठरलेला असतो, पण नियम म्हणून जाहिरात द्यावी लागते. अर्ज इतके येतात की पहिल्या शंभरांत पुरेसे चांगले लोक सापडतात आणि पुढचे उघडलेच जात नाहीत. ज्या व्यवस्थापकाला माणूस हवा होता तोच नोकरी सोडून जातो. यातल्या एकाही कारणात तुम्ही नाही. तरीही तुमच्याकडे पोचतं ते सारखंच: काहीच नाही. म्हणून एका अर्जाच्या गप्प बसण्यातून कुठलाही अर्थ काढू नका. चाळीस अर्जांच्या गप्प बसण्यातून मात्र काढा.

त्यासाठी साधा तक्ता पुरे: तारीख, कंपनी, काम, अर्ज कुठून केला, रेझ्युमेची कुठली प्रत पाठवली, पुढे काय झालं. दर तीन-चार आठवड्यांनी तो समोर घेऊन घोडं कुठे पेंड खातंय ते पाहा. मुलाखतीचं बोलावणंच येत नसेल तर रेझ्युमेत किंवा निवडलेल्या कामांत गडबड आहे. मुलाखतीची तयारी करत बसून उपयोग नाही. पहिला फोन होतो आणि तिथेच थांबतं, तर बहुधा बोलण्यात किंवा पगाराच्या अपेक्षेत अडचण आहे. शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन हुकत असेल तर तुम्ही जवळ आहात. बदल छोटे करा. ओळखीतून गेलेले अर्ज पुढे जात असतील आणि वेबसाइटवरचे नाही, तर वेळ कुठे घालायचा हे तक्ताच सांगतो.

नकार पचवण्याची तयारीही आधी करता येते. मिशिगन विद्यापीठात १९८० च्या दशकात नोकरी गेलेल्यांसाठी एक प्रशिक्षण आखलं गेलं. शोधाची कौशल्यं शिकवण्याबरोबरच त्यात आणखी एक भाग होता: अपयश येणार हे गृहीत धरून, ते आलं की पुढचं पाऊल काय, हे आधीच ठरवून ठेवणं. चाचण्यांमध्ये या प्रशिक्षणातल्या लोकांना नोकऱ्या लवकर आणि जास्त बऱ्या मिळाल्या. तुम्ही घरच्या घरी एवढं करा: ‘नकार आला तर त्या दिवशी तक्ता भरायचा, फिरायला जायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अमक्या दोघांना फोन करायचा,’ असं लिहून भिंतीवर लावा. मन खट्टू असताना निर्णय घ्यावा लागू नये, एवढाच त्याचा हेतू.

एक सक्त सूचना, यात अपवाद नाही. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत, कागदपत्रांची पडताळणी, कुठल्याही नावाने नोकरीआधी पैसे मागितले की तिथेच थांबा. मुलाखत न घेता आलेलं ऑफर लेटर, फुकट सेवेवरच्या पत्त्यावरून आलेली ‘कंपनीची’ ईमेल, आजच्या आज पैसे भरण्याची घाई, ही फसवणुकीची ठरलेली लक्षणं आहेत. थकलेला माणूस यात सापडतो, हुशार असला तरी.

पायरी ६: मुलाखत

मुलाखती दोन प्रकारच्या. एकीत गप्पा मारत मारत जे सुचेल ते विचारतात. दुसरीत सगळ्यांना तेच प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारून गुण देतात. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं, तेव्हा नंतरच्या कामाचा अंदाज दुसऱ्या प्रकाराने जास्त चांगला येतो असं दिसलं. २०२२ मधल्या फेरतपासणीत आकडे खाली आले, तरी आखीव मुलाखतीचा क्रमांक वरच राहिला. म्हणून शिस्तीच्या कंपन्या ‘तेव्हा तुम्ही काय केलंत ते सांगा’ या धर्तीचे प्रश्न विचारतात.

याची तयारी म्हणजे उत्तरं पाठ करणं नाही. पाच-सहा खरे प्रसंग निवडा: एक भांडणाचा, एक चुकीचा, एक वेळेच्या दबावाचा, एक काहीतरी पटकन शिकल्याचा, एक दुसऱ्याला समजावल्याचा. प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत सांगता येईपर्यंत मोठ्याने बोलून पाहा. मनात म्हटलेलं उत्तर नेहमी छान असतं, तोंडातून आलेलं वेगळंच असतं. गटाच्या कामाबद्दल सांगताना ‘आम्ही’चा आडोसा घेऊ नका, त्यात तुमचा वाटा कुठला, हेच आम्हाला कळून घ्यायचं असतं.

‘स्वतःबद्दल सांगा’ याचं उत्तर जन्मापासून सुरू करायचं नसतं. काय शिकलात, त्यातलं कुठलं काम हाताने केलंत, आणि इथे का आलात, इतकंच. एखादं उत्तर येत नसेल तर ‘हे मला माहीत नाही, पण शोधायचं झालं तर इथून सुरुवात करेन’ हे पूर्ण उत्तर आहे. थापा मारणारा नवखा दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हटल्यावर गप्प बसू नका. या जागेवर आधी कोण होतं आणि ते आता कुठे आहे? सहा महिन्यांनी मी चांगलं काम करतोय, हे तुम्ही कशावरून ओळखाल? या दुसऱ्या प्रश्नावर समोरचे दोघं एकमेकांकडे पाहू लागले, तर तीही माहितीच आहे.

पायरी ७: ऑफर आली

आनंद करा, सही उद्या. ऑफर लेटर शांतपणे वाचायला दोन-तीन दिवस मागणं रास्त आहे आणि कुठलीही बरी कंपनी ते देते. वर्षाच्या एकूण आकड्यावर जाऊ नका. कपाती वजा जाता दर महिन्याला हातात किती येणार, ते लेखी विचारा. त्या आकड्यातला किती भाग कामगिरीवर अवलंबून आहे, तेही. प्रोबेशन किती महिने, नोटीस पिरियड किती, ठरावीक मुदतीआधी सोडल्यास पैसे भरावे लागणारा बॉण्ड आहे का, बदली कुठे होऊ शकते, कामाच्या वेळा काय. तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन ईमेलने पक्कं करून घ्या: ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे...’ असं सुरू केलं की कुणी दुखावत नाही. पगाराबद्दल एकदा विचारून पाहायलाही हरकत नाही. सभ्यपणे विचारल्याने ऑफर सहसा मागे जात नाही.

मंदीच्या काळात पदवी हाती आली असेल तर ऑफर मनासारखी नसेल. याचं गणित माहीत असलेलं बरं. फिलिप ओरिओपोलोस, टिल फॉन वाख्टर आणि अँड्र्यू हाइझ यांनी कॅनडातल्या पदवीधरांची अनेक वर्षांची कमाई तपासली. मंदीत बाहेर पडलेल्यांची कमाई सुरुवातीला १० टक्क्यांच्या आसपास कमी होती आणि तो फरक भरून निघायला सर्वसाधारणपणे ८ ते १० वर्षं लागली. अमेरिकेतल्या पदवीधरांवर लिसा कान यांनी केलेल्या अभ्यासात हा फटका त्याहूनही चिवट दिसला. म्हणजे ज्या वर्षी तुम्ही बाहेर पडता त्याचा परिणाम होतो, आणि ते वर्ष तुम्ही निवडलेलं नसतं. वर्गमित्राशी तुलना करायची तर निदान त्याच वर्षाच्या वर्गमित्राशी करा. कॅनडाच्या अभ्यासातली कामाची गोष्ट वेगळीच आहे: फरक भरून निघाला तो मुख्यतः कमी पगाराच्या जागी सुरुवात करून हळूहळू चांगल्या कंपन्यांकडे सरकल्यामुळे. तेव्हा कमी दर्जाची वाटणारी नोकरी घ्यायला लाजू नका, पण तिथे बूड टेकवूनही बसू नका. ती घेताना एकच पाहा: इथे असं काही शिकायला मिळेल का, जे पुढची कंपनी मोजेल?

पायरी ८: पहिले सहा महिने

नोकरी लागली की शिक्षणातून नोकरीत जाण्याचा प्रवास संपला, असं सगळ्यांना वाटतं. मार्लीन क्रेमर यांनी १९७४ साली नव्या परिचारिकांबद्दल जे लिहिलं ते बहुतेक व्यवसायांना लागू पडतं. शिकताना मनात भरलेलं आदर्श काम आणि वॉर्डातलं खरं काम यांची टक्कर होते. सुरुवातीचे दिवस मधुचंद्राचे, मग धक्का, मग सावरणं. धक्क्याच्या टप्प्यावर माणूस एक तर शिकलेलं सगळं फेकून पाट्या टाकू लागतो, नाही तर सगळ्यांवर चिडतो. हा टप्पा येणार हे आधीच ठाऊक असलं, तर तिसऱ्या महिन्यात ‘माझं क्षेत्रच चुकलं’ असा निष्कर्ष काढायची घाई होत नाही.

निकाल इथेही लागत नाही. वर्षातून एकदा मूल्यमापन होतं, तेही धूसर. म्हणून तो मागून घ्यावा लागतो. पहिल्या आठवड्यात वरिष्ठांना विचारा: ‘पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून कुठल्या तीन गोष्टी झाल्या तर तुम्हाला समाधान वाटेल?’ मग दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं: काय ठीक चाललंय, एक गोष्ट कुठली बदलू? ‘माझं काम कसं वाटतं?’ असं मोघम विचारलं तर ‘छान चाललंय’ हेच ऐकायला मिळेल.

प्रश्न विचारायला लाजू नका, पण आधी अर्धा तास स्वतः झगडा आणि विचारताना काय काय करून पाहिलं ते सांगा. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागू नये म्हणून उत्तर लिहून ठेवा. पहिल्या महिन्यात नवख्याचे सगळे प्रश्न माफ असतात. ती मुभा पुरेपूर वापरा. सहाव्या महिन्यात तोच प्रश्न विचारायला जड जातं.

आणि दर शुक्रवारी चार ओळी: या आठवड्यात काय पूर्ण केलं. पुढच्या रेझ्युमेसाठी याहून चांगला कच्चा माल नाही.

पायरी ९: सोडायचं कधी, कसं

रॉबर्ट टोपेल आणि मायकेल वॉर्ड यांनी १९९२ साली अमेरिकेतल्या तरुण पुरुषांच्या नोकऱ्यांचा हिशेब मांडला. पहिल्या १० वर्षांत साधारण ७ नोकऱ्या, आणि त्या काळातल्या पगारवाढीचा किमान एक तृतीयांश भाग नोकरी बदलण्यातून आलेला. आकडे त्या देशाचे, त्या काळाचे आहेत. तरी पहिली नोकरी जन्माची नसते आणि ती बदलणं म्हणजे गद्दारी नव्हे, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. माझा ठोकताळा: शिकणं थांबलं आणि दोनदा बोलूनही नवं काम मिळालं नाही, तर शोध सुरू करा. अपमान, छळ, थकलेले पगार असतील तर वर्ष पूर्ण व्हायची वाट पाहू नका. नुसता कंटाळा असेल तर थोडं थांबा.

नवं ऑफर लेटर हातात पडल्याशिवाय राजीनामा नको. राजीनामा दोन ओळींचा, कारणांशिवाय. मनातलं सगळं त्यात ओतायचा मोह होईल, तो मित्राजवळ मोकळा करा. नोटीसच्या काळात प्रत्येक काम कुठवर आलंय याचं टिपण लिहून द्या. कामाचे नमुने सोबत न्यायचे असतील तर लेखी परवानगी घ्या. आणि अनुभवपत्र, पगाराच्या स्लिपा, कार्यमुक्तीचं पत्र शेवटच्या दिवसाआधीच मागून घ्या. सहा महिन्यांनी मागायला गेलात तर तुमची फाइल जिच्याकडे होती ती एचआरमधली व्यक्तीही नोकरी बदलून गेलेली असते.